पार्श्वभूमी: हवेतून पाणी काढणारी छोटी यंत्रं आणि नाशिकचा उन्हाळा

एप्रिल उजाडला, येवला-नांदगावकडे टँकर सुरू झाले की 'हवेतून पाणी' देणाऱ्या बाटल्यांचे आणि बॅगेएवढ्या यंत्रांचे व्हिडिओ हटकून फिरू लागतात. कल्पना खोटी नाही, आणि नवीही नाही. बेल्जियन अभियंता आशिल क्नापेन याने 1930-31 मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये दव धरण्यासाठी जाड भिंतींचा दगडी मनोरा उभारला. अपेक्षा होती भरपूर पाण्याची. मिळालं रात्रीला जेमतेम काही लिटर. एवढा जाड दगड एका रात्रीत दवबिंदूखाली, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं त्याच्याखाली, थंड होतच नाही.

पुढे कॉम्प्रेसर आला आणि हे काम सोपं झालं. एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी तेच असतं. आजची ऑफिसात ठेवायची यंत्रं म्हणजे थंड कॉइल, पंखा, खाली ट्रे आणि पुढे कार्बन फिल्टर व यूव्ही दिवा. खिशातल्या यंत्रांनी मात्र दुसरी वाट धरली. दोन धातूंच्या सांध्यातून वीज गेली की एक बाजू थंड होते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पेल्तिए याने 1834 मध्ये दाखवलं होतं. त्यावर चालणारी चार सेंटिमीटरची चकती स्वस्तात मिळते. 'फोंटस' ही सायकलवरची बाटली 2014 मध्ये गाजली, 2016 मध्ये तिच्यासाठी लोकांकडून पैसेही उभे राहिले. दावा होता तासाला अर्धा लिटर पाण्याचा.

इथे हिशेब मांडावाच लागतो. वाफेचं एक लिटर पाणी होताना सुमारे 0.68 युनिट (वीजबिलातलं युनिट, म्हणजे किलोवॉट-तास) उष्णता बाहेर काढावी लागते. तासाला अर्धा लिटर म्हणजे सतत 340 वॉट. पेल्तिए चकती साधारण दोन युनिट वीज खाऊन एक युनिट उष्णता उपसते, म्हणजे 680 वॉट वीज हवी. बाटलीवरचं सोलर पॅनेल देतं काही वॉट. शिवाय गरम बाजूचा पंखा कमी पडला की चकतीची उष्णता उलटी फिरते आणि थंड बाजूही कोमट होते. घरी प्रयोग करणारे बहुतेक जण इथेच अडकतात.

आता नाशिकची हवा घ्या. पावसाळ्यात 25 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असेल तर घनमीटरमागे सुमारे 19.6 ग्रॅम वाफ असते. हवा 10 अंशांपर्यंत थंड केली तर त्यातली साडेदहा ग्रॅमच्या आसपास हाती येते. मे महिन्याच्या दुपारी 38 अंश आणि 20 टक्के धरा: वाफ 9.2 ग्रॅम, दवबिंदू 11 अंश. कॉइल 10 अंशांवर थांबली तर जवळजवळ काहीच नाही. 5 अंशांपर्यंत नेली तर तीन ग्रॅम, म्हणजे लिटरमागे 330 घनमीटर हवा. त्या कोरड्या हवेलाच थंड करण्यात 3.4 युनिट थंडावा खर्ची पडतो, पाण्यावर फक्त 0.68. पावसाळ्यात दोन्ही मिळून 1.1 युनिटमध्ये भागतं. पेल्तिए चकतीला उन्हाळ्यात लिटरमागे आठ युनिट वीज लागेल. 20,000 एमएएचची पॉवर बँक जेमतेम 0.074 युनिट साठवते. कॉइल आणखी थंड केली की तिच्यावर बर्फ धरतो आणि हवाच अडते.

2017 मध्ये अमेरिकेतले संशोधक ओमर याघी आणि एव्हलिन वांग यांच्या गटांनी वेगळा मार्ग दाखवला: एमओएफ नावाची सच्छिद्र भुकटी रात्री वाफ शोषते, दिवसा उन्हाने सोडते. कोरडी हवा थंड करण्याचा खर्च वाचतो, म्हणून 20 टक्के आर्द्रतेतही ती चालते. अशा पदार्थांसाठी याघींना 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. पण भुकटीतून वाफ सोडवायलाही उष्णता लागतेच, त्यामुळे उन्हात पसरायला मोठं क्षेत्र हवं. बाटलीच्या झाकणाएवढ्या जागेत ते बसत नाही.

निघालेलं पाणी क्षाररहित असतं, पण शुद्ध असेलच असं नाही. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांवर फवारणी चालू असताना हवेतलं जे कॉइलवर बसतं ते ट्रेमध्ये उतरतं, आणि ट्रे ओला राहिला की शेवाळी थर धरतो.

यंत्र घ्यायचंच असेल तर माहितीपत्रकातली क्षमता कोणत्या हवेतली आहे ते आधी पाहावं. ती बहुधा 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेची असते. त्या हवेत 10 अंशांच्या कॉइलला लिटरमागे 65 घनमीटर हवा पुरते. तोच पंखा मे महिन्यात सिन्नरला लावला तर, कॉइल 5 अंशांवर टिकली तरी, लिहिलेल्या आकड्याचा पाचवा हिस्सा धरावा.