हिरव्या जोडीला निळं पिल्लू? पावती एकदा नीट वाचा

"दोन्ही पक्षी हिरवे दिले होते, मग पिल्लू निळं कसं?" आमच्याकडून बजी, म्हणजे छोटे पाळीव पोपट, घेणाऱ्यांपैकी कोणीतरी हा प्रश्न विचारतंच. मादी कुठे गेलेली नसते आणि पक्षीही बदललेला नसतो.

बजीच्या पिसांत हिरवं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या रचनेतून दिसणारा निळा आणि त्यावर पिवळं रंगद्रव्य मिळून हिरवा दिसतो. हे पिवळं बनवणाऱ्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. एक जरी चालू असली तरी पिल्लू हिरवं. दोन्ही बंद आल्या की निळं. बंद प्रत लपवून बसलेल्या हिरव्याला आपण स्प्लिट म्हणतो आणि पावतीवर 'हिरवा/निळा' लिहितो. ती तिरकी रेघ उगाच नसते.

दोघंही स्प्लिट असले तर चारांत एक निळं, हे बहुतेकांना पाठ असतं. पण हा हिशोब एका विणीला लावू नका. मेंडेलने वाटाण्याचे ८,०२३ दाणे मोजले, तेव्हा ६,०२२ पिवळे आणि २,००१ हिरवे निघाले; इतके मोजले म्हणून चारांत एकाचा हिशोब जुळला. चार पिल्लांत एकही निळं नाही, असं शंभरातल्या ३२ विणींत होणारच.

आमचा आणि तुमचा खरा वेळ खातो तो लुटिनो. लुटिनोत काळं रंगद्रव्य नसतं, म्हणून पक्षी पिवळाधमक आणि डोळे लाल. लोक लुटिनो मादी आणि साधा हिरवा नर घेऊन जातात. सगळी पिल्लं हिरवी निघतात, आणि दोन महिन्यांनी जोडी परत आणतात. जोडीत खोट नसते, ती उलटी लावलेली असते. लुटिनोचं जनुक झेड या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतं. नराकडे झेड दोन, मादीकडे एकच, आणि मादी पिल्लाला तो फक्त बापाकडून मिळतो. त्यामुळे लुटिनो नर आणि हिरवी मादी लावा: सगळ्या माद्या लुटिनो, सगळे नर हिरवे पण स्प्लिट. नर-मादी ओळखायची कटकटही संपते. पिल्लू अंड्यातून निघालं की मिटलेल्या पापणीतून डोळा पाहा. लालसर दिसला तर ती मादी. आणि कोणी 'लुटिनो स्प्लिट मादी' विकत असेल तर घेऊ नका. झेड एकच, त्यात लपवणार कुठे?

आमचे स्प्लिट पक्षी महाग का, असंही विचारतात. आई-बाप माहीत असल्याशिवाय आम्ही स्प्लिट लिहीत नाही. निळ्या पालकाचं हिरवं पिल्लू स्प्लिट असणारच. दोन स्प्लिटांच्या हिरव्या पिल्लांत मात्र तिनांत दोनच स्प्लिट निघतात, आणि ते दोन कोणते हे डोळ्यांनी कळत नाही. अशांच्या पावतीवर आम्ही 'कदाचित' लिहितो, भावही त्याच मानाने लावतो.

एकाच मोठ्या पिंजऱ्यात पाच-सहा जोड्या ठेवल्या असतील तर कोणाचं पिल्लू कोणाचं, ते आम्हालाही सांगता येणार नाही. जोडी वेगळी ठेवा आणि पिल्लू साधारण आठवड्याचं झालं की पायात बंद कडी घाला. कड्या आमच्याकडे मिळतात, पहिल्या वेळी कशी घालायची तेही दाखवू. फोन करताना आई-बापाच्या कडीचे नंबर आणि पावती हाताशी असू द्या.