मध्यरात्रीचा खेळ आणि टाळ्यांचं गणित

पडद्यावर पाऊस सुरू होतो. गाडीचा टायर फुटलेला असतो, नायिका डोक्यावर वर्तमानपत्र धरून चालू लागते, आणि थिएटरातले लोकही आपापल्या पिशवीतून वर्तमानपत्र काढून डोक्यावर धरतात. मागच्या रांगांतून पिचकाऱ्या उडतात. त्याआधी लग्नाच्या प्रसंगाला तांदूळ उधळून झालेले असतात. नायक एक वाक्य संपवून श्वास घेतो, तेवढ्याशा फटीत सगळं थिएटर एका आवाजात त्याला टोमणा मारतं आणि पुढच्या वाक्याआधी गप्प होतं.

हा 'द रॉकी हॉरर पिक्चर शो'. १९७५ साली आला आणि सपशेल पडला. १ एप्रिल १९७६ पासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरने तो मध्यरात्री लावायला सुरुवात केली, आणि काही महिन्यांत प्रेक्षक पडद्याला उत्तरं द्यायला लागले. पहिली आरोळी बालवाडीतल्या एका शिक्षकाची, असं सांगतात. पेपर डोक्यावर धरलेल्या त्या नायिकेला त्याने छत्री विकत घ्यायचा सल्ला दिला (मधली शिवी गाळतो). आज ठिकठिकाणी पडद्याखाली हौशी मंडळी तेच कपडे घालून तोच सिनेमा समांतर करून दाखवतात आणि पहिल्यांदा आलेल्याच्या कपाळावर किंवा गालावर लिपस्टिकने खूण करतात. म्युनिकच्या एका थिएटरात तर तो १९७७ पासून चालूच आहे.

२०२५ मध्ये सिनेमाची पन्नाशी झाली, बातम्या आल्या, आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन प्रतिक्रिया उमटल्या. एक, "रिकामटेकडे लोक, तोच सिनेमा शंभरदा बघतात." दुसरी, "सामूहिक ऊर्जा असते ती, सगळ्यांची कंपनं जुळतात." पहिल्या गृहस्थांना एवढंच सांगतो की त्याच १९७५ साली आपल्याकडे 'जय संतोषी माँ'ला लोक चपला बाहेर काढून आत जात होते आणि पडद्यावर फुलं नि नाणी उधळत होते. पडद्याशी बोलणारा प्रेक्षक अमेरिकेने शोधून काढलेला नाही. दुसरं वाक्य मात्र अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच मला ते जास्त छळतं. कंपनं जुळतात, पण कशाची आणि कशी?

यासाठी मध्यरात्रीचा खेळ जरा बाजूला ठेवून साध्या टाळ्यांकडे येऊ. माझ्या मते भौतिकशास्त्रातला हा सर्वात देखणा प्रयोग आहे, आणि त्याला लागलेलं मुख्य साहित्य म्हणजे मायक्रोफोन.

रुमानिया आणि हंगेरीत चांगला कार्यक्रम संपला की आधी टाळ्यांचा नुसता कडकडाट होतो, मग कोणीही न सांगता सगळे एका ठेक्यात येतात, थोड्या वेळाने तो ठेका फुटून पुन्हा कडकडाट होतो आणि पुन्हा ठेका जमतो. झोल्टान नेडा, तमाश विचेक, आल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या टाळ्या ध्वनिमुद्रित करून त्यांचं विश्लेषण २००० साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात छापलं. कडकडाटात माणूस सेकंदाला साधारण चार टाळ्या वाजवतो. ठेका जमतो तेव्हा दोन. म्हणजे एकत्र येण्यासाठी प्रत्येक जण आपला वेग जवळपास निम्मा करतो. आता निम्माच का, हे बघायला थोडं मागे जावं लागेल.

१६६५ साली डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स आजारपणात अंथरुणावर पडून होता. एकाच आधाराला टांगलेली दोन लंबकाची घड्याळं थोड्या वेळात एकमेकांशी बांधल्यासारखी हलू लागतात, हे त्याच्या लक्षात आलं. एक डावीकडे तर दुसरं उजवीकडे, न चुकता. आधाराच्या लाकडातून जाणारे बारीक धक्के त्यांना जोडत होते. १९७५ साली (हे साल आज पाठ सोडत नाही) जपानच्या योशिकी कुरामोतो यांनी अशा असंख्य आंदोलकांसाठी, म्हणजे ठरावीक लयीत मागे-पुढे होणाऱ्या गोष्टींसाठी, गणित मांडलं. प्रत्येक आंदोलकाची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते, आणि इतरांपेक्षा तो जेवढा मागे किंवा पुढे असेल, म्हणजे जेवढं कलांतर असेल, त्याच्या साइननुसार (त्रिकोणमितीतली 'ज्या') तो आपला वेग किंचित वाढवतो किंवा कमी करतो. या दुरुस्तीला किती जोर आहे, तो म्हणजे युग्मन. आता कुरामोतोंचा निष्कर्ष असा: युग्मन एका उंबरठ्याखाली असेल तर लाख आंदोलक असले तरी ठेका जमत नाही, गोंगाटच राहतो. उंबरठा ओलांडला की एक गट अचानक एका लयीत येतो. आणि हा उंबरठा ठरतो तो नैसर्गिक वारंवारता किती विखुरलेल्या आहेत यावरून. विखुरण जास्त, तर उंबरठा उंच.

इथे गणिताने दमला असाल तर एवढंच धरा की सगळे ठेक्यात यायचे असतील तर एक तर एकमेकांचं जास्त ऐकायला हवं, नाही तर मुळातच सगळ्यांचे वेग जवळजवळ असायला हवेत.

टाळ्या वाजवणारे दुसरा मार्ग घेतात. भराभर टाळ्या वाजवताना प्रत्येकाचा वेग वेगळा असतो. सावकाश वाजवताना हा फरक खूप कमी होतो. म्हणून वेग निम्मा केला की विखुरण घटते, उंबरठा खाली येतो, आणि तेवढंच युग्मन पुरतं. शिवाय माझा एक हिशोब जोडतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३० मीटर मागच्या माणसाला पुढची टाळी जवळपास ०.०९ सेकंद उशिरा ऐकू येते. सेकंदाला चार टाळ्या असतील तर हा उशीर आवर्तनाच्या एक तृतीयांशाहून जास्त झाला. दोन असतील तर एक पंचमांशाहून कमी.

मग ठेका का फुटतो? टाळ्या निम्म्या झाल्या की सरासरी आवाजही पडतो. लोकांना तर दाद जास्त द्यायची असते. म्हणून ते हात चालवतात, वेग वाढतो, विखुरण वाढते आणि ठेका मोडतो. मोठा आवाज आणि एक ताल, दोन्ही एकदम मिळत नाही. ही गोष्ट मी जेव्हा वाचली तेव्हा मला सरळ आपली आरती आठवली. 'सुखकर्ता'ला टाळ्या कशा जागच्या जागी पडतात, आणि 'घालीन लोटांगण' द्रुत लयीत गेलं की चौथ्या ओळीला अर्धा दिवाणखाना पुढे, अर्धा मागे.

आता परत थिएटरात. तिथे ठेका फुटत का नाही? कारण तिथे प्रेक्षक फक्त एकमेकांचं ऐकत नसतात, पडदा सगळ्यांसाठी एकच घड्याळ असतो. घड्याळांच्या भाषेत हे एकमेकांशी जुळणं नव्हे, बाहेरच्या तालाला जुळणं आहे, आणि ते कितीतरी सोपं. माणूस तालाची वाट बघत नाही, तो अंदाज बांधतो. टिकटिक ऐकून बोटाने ठेका धरायला सांगितलं तर बहुतेकांचं बोट टिकटिकीच्या काही मिलिसेकंद आधीच पडतं. सिनेमा पाठ असला की पुढचं वाक्य, पुढची फट कधी येणार हेही असंच आधी कळतं. या सिनेमाच्या संवादांमधले विराम इथे कामाला येतात. एखाद्या वेगवान, अखंड बोलणाऱ्या सिनेमात टोमण्याला जागाच उरली नसती. एकच सिनेमा वेगवेगळ्या डोक्यांना एका लयीत नेतो, याचा पुरावाही आहे. २००४ साली उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी पाच जणांना एकेकट्याने एका वेस्टर्न सिनेमाचा अर्धा तास स्कॅनरमध्ये दाखवला, तर मेंदूच्या बाह्यकाच्या, म्हणजे बाहेरच्या थराच्या, मोठ्या भागातल्या हालचाली प्रेक्षका-प्रेक्षकांत जुळल्या. त्यात ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे गेली नव्हती. ते एकत्र बसलेलेही नव्हते.

आपुलकी कुठून येते, यावर पुरावा आहे, पण तो नाजूक आहे. ऑक्सफर्डच्या नावाड्यांना २०१० साली व्यायामयंत्रावर एकदा एकट्याने आणि एकदा चमूत वल्हवायला लावलं. कष्ट सारखेच, पण चमूत वल्हवल्यावर वेदना सहन करण्याची ताकद जास्त वाढलेली दिसली. हाताला रक्तदाबाची पट्टी आवळत नेऊन हे मोजतात. यावरून एंडॉर्फिन, म्हणजे वेदना कमी करणारं आणि जवळीक वाढवतं असं मानलं जाणारं शरीरातलं रसायन, सुटत असावं, असा तर्क. रक्तात एंडॉर्फिन पाहिलेलं नाही, हे विसरायचं नाही. 'एकत्र गा, आनंदाचं हार्मोन मिळवा' छाप पोस्टमधून नेमका हाच 'असावं' गळून पडतो.

आणि 'कंपनां'बद्दल. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता आपण सगळ्यांनी टाळ्या, थाळ्या वाजवल्या, आणि ती कंपनं विषाणू मारतात असं सांगणारे संदेश फिरले. आवाजाची तरंगलांबी सेंटिमीटर-मीटरमध्ये, विषाणू त्याच्या लाखो पटींनी लहान. विषाणूला थाळीचा पत्ताही लागला नसेल. गल्लीतल्या ज्या शेजाऱ्यांशी कधी बोललो नव्हतो त्यांच्याकडे बघून त्या दिवशी हसलो, तेवढा परिणाम मात्र खरा.

ताल कसा जुळतो, इथपर्यंत हे गणित पोचतं. सत्तरीच्या दशकातल्या अमेरिकेत ज्या समलिंगी पोरांना घरी-शाळेत लपून राहावं लागत होतं, त्यांना शनिवारच्या मध्यरात्री याच थिएटरात हक्काची खुर्ची का मिळाली, याचं उत्तर कुरामोतोंच्या समीकरणात नाही. ते त्या सिनेमातच, त्यातल्या पुरुषाने साडीचोळीइतक्याच बिनधास्त मिरवलेल्या कॉर्सेट आणि उंच टाचांमध्ये आहे.

टाळ्यांचा भाग मात्र घरी तपासता येतो. यंदाच्या गणपतीत आरतीच्या वेळी फोन कोपऱ्यात ठेवून ध्वनिमुद्रण करा आणि कुठल्याही फुकट सॉफ्टवेअरमध्ये त्याचा आलेख बघा. सुरुवातीला टोकं सुटी सुटी दिसतील, शेवटी त्यांची पसरट साय होते का ते बघा. झांज कोणाकडे होती, तेही लिहून ठेवा.