पार्श्वभूमी: आर्सेनलचा एप्रिल आणि 'बॉटल' या शब्दाचा घोळ

248 दिवस. 2022-23 च्या सीझनमध्ये आर्सेनल, म्हणजे लंडनची आपली फुटबॉल टीम, एवढे दिवस प्रीमियर लीगच्या टेबलमध्ये पहिल्या नंबरवर होती आणि तरी शेवटी हात हलवत परत आली. इंग्लंडच्या टॉप डिव्हिजनमध्ये तोवर कुठलीच टीम इतके दिवस पुढे राहून लीग हरली नव्हती. एप्रिल लागला की हा आकडा कोणीतरी तोंडावर फेकतं आणि त्याच्या मागोमाग तो शब्द येतोच, बॉटल. बॉटल केली, बॉटलर्स आहेत, यंदा पण बॉटल करणार. जी पोरं हल्ली मॅच बघायला लागलीत त्यांना वाटतं हे क्लबच्या रक्तातच आहे, म्हणून तेव्हा नक्की काय झालं ते एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी त्या शब्दाचंच बघू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. इंग्लंडमध्ये बॉटल म्हणजे हिंमत, धमक, आणि बॉटल गेली म्हणजे ऐनवेळी हिंमत गेली. त्याचं जे स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं ते लंडनच्या ईस्ट एंडच्या यमक जुळवणाऱ्या बोलीतलं आहे, 'बॉटल अँड ग्लास' याचं यमक पार्श्वभागासाठीच्या शिवीशी जुळतं, म्हणजे घाबरून पोटाखालचा ताबा सुटणं असा त्याचा मूळ रोख. थोडक्यात तो शब्द फक्त भीतीबद्दल आहे. दमण्याबद्दल नाही, दुखापतीबद्दल नाही, समोरचा जास्त चांगला होता याबद्दल तर मुळीच नाही. आपल्याकडे क्रिकेटमुळे 'चोकर्स' आधी आला, 1999 च्या वर्ल्ड कप सेमीफायनलला दक्षिण आफ्रिका 213 वर टाय करून बाहेर गेली तेव्हापासून तो शब्द त्यांना चिकटला तो चिकटलाच, आणि फुटबॉल बघणाऱ्यांनी बॉटल हा शब्द त्याच अर्थाने उचलला.

पण मराठीत आपण हे सगळं एकाच पोत्यात भरत नाही. ऐनवेळी अवसान गळणं वेगळं, कच खाणं त्याच्या जवळचं. माती खाणं वेगळं, त्यात भीती असेलच असं नाही, सरळ चूक होते. ढेपाळणं वेगळं, त्यात अंगातलं बळ संपलेलं असतं. आणि कमी पडणं तर अजूनच वेगळं, तिथे तुम्ही सगळं दिलेलं असतं तरी समोरचा भारी पडतो. मी 2023 चा तो एप्रिल-मे परत परत बघितलाय आणि त्यात मला हे चारही दिसतात, एकेका मॅचला एकेक, आणि बॉटल म्हटलं की चारही एकाच रंगात रंगवून टाकले जातात याचा मला खरंच राग येतो.

1 एप्रिल 2023 ला लीड्सला 4-1 हरवलं तेव्हा 29 मॅचमध्ये 72 पॉइंट होते. मँचेस्टर सिटी आठ पॉइंट मागे, पण आपल्यापेक्षा एक मॅच कमी खेळलेली. निम्म्या सीझनला, म्हणजे 19 मॅचनंतर 50 पॉइंट झाले होते, क्लबच्या इतिहासात एवढे कधीच नव्हते झाले. टीम लीगमधल्या सर्वात तरुण टीम्सपैकी एक. त्यानंतरच्या आठ मॅचमध्ये 24 पैकी 9 पॉइंट मिळाले, आणि आठवी संपली तेव्हा सिटी घरी बसल्या बसल्या चॅम्पियन झाली होती.

9 एप्रिल, लिव्हरपूलचं ग्राउंड अ‍ॅनफिल्ड. अर्ध्या तासात आपण 2-0 पुढे, आणि आपल्याच एका मिडफिल्डरने त्यांच्या राइट बॅकशी (उजवीकडचा डिफेंडर) धक्काबुक्की काढली आणि झोपलेलं स्टेडियम जागं केलं. हाफ टाइमच्या आधी 2-1, मग त्यांनी पेनल्टी बाहेर मारली, 87 व्या मिनिटाला 2-2. पण तिथे आर्सेनल 2012 नंतर लीगमध्ये जिंकलेलीच नव्हती आणि शेवटच्या काही मिनिटांत आपल्या गोलकीपरने जे वाचवलं ते बघता तो एक पॉइंट कमावलेला होता, याला मी कमी पडणं म्हणतो. 16 एप्रिलला वेस्ट हॅमकडे दहा मिनिटांत आपण 2-0 पुढे, आणि इथे मात्र खरंच अवसान गळालं. आपल्या बॉक्सच्या बाहेर बॉल घालवला, त्यातून पेनल्टी, 2-1. मग 52 व्या मिनिटाला आपल्याला पेनल्टी मिळाली, ती बाहेर गेली, आणि दोनच मिनिटांत 2-2. पेनल्टी मारणारा पोरगा 21 वर्षांचा होता आणि दोन वर्षांपूर्वी युरोची फायनल त्याच्याच शेवटच्या किकवर गेली होती, तरी तो बॉल हातात घेऊन पुढे आला, त्याला घाबरट म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही.

साउथॅम्प्टनची मॅच आपल्याकडे रात्री साडेबाराला होती. टेबलमध्ये शेवटची टीम, आपलं ग्राउंड, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत आपल्याच गोलकीपरचा पास त्यांच्या पायात जाऊन गोल. याला माती खाणं म्हणतात, दुसरा शब्द नाही. 1-3 मागे होतो 88 व्या मिनिटापर्यंत, मग दोन गोल, 3-3. जी टीम घाबरून गेलीय ती शेवटच्या दोन-तीन मिनिटांत दोन गोल करत नाही. दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया होती, घरी आमरस होता आणि मला घास गोड लागेना. पुढच्या बुधवारी सिटीच्या एतिहाद ग्राउंडवर 4-1 हरलो, ती मॅच एका टीमने हरवली नाही, दुसऱ्या टीमने जिंकली. सिटी तेव्हा लीगमध्ये ओळीने 12 मॅच जिंकत होती, त्यातली ही एक.

आता तो निर्णय, जखमी सेंटर बॅकच्या (मधल्या डिफेंडरच्या) जागी कोणाला खेळवायचं हा, ज्यावरून आमच्या ग्रुपमध्ये आजही भांडणं होतात. 16 मार्चला युरोपा लीगमध्ये स्पोर्टिंगविरुद्ध पहिल्याच हाफमध्ये दोन डिफेंडर दुखापतीने गेले, उजव्या बाजूचा फ्रेंच सेंटर बॅक आणि जपानी राइट बॅक. मॅच पेनल्टीवर हरलो ते वेगळंच. दोघंही त्या सीझनला परत खेळले नाहीत. फ्रेंच सेंटर बॅकला क्लबने 2019 मध्ये घेतला होता आणि पुढच्या तीन सीझनमध्ये तीनदा फ्रान्समधल्या क्लबना लोनवर (उसना) दिला, तो ऑगस्ट 2022 मध्ये पहिल्यांदा आपल्या शर्टात लीग खेळला आणि मग लागोपाठ 27 मॅच. त्या 27 मॅचमध्ये टीमने 25 गोल खाल्ले. तो नसलेल्या 11 मॅचमध्ये 18. एवढ्या दोन आकड्यांत सगळं आलं असं माझं मत आहे.

कारण ती टीम खेळायचीच त्याच्या भरवशावर. डिफेन्सची लाइन जवळजवळ हाफवेपर्यंत वर, मागे मोकळं रान, आणि कोणी बॉल घेऊन पळालाच तर हा माणूस धावून गाठणार. त्याच्या जागी जो इंग्लिश डिफेंडर आला तो क्लबशी कित्येक वर्षं इमानाने राहिलेला, पण त्याच्याकडे ती पळण्याची ताकद नव्हती, म्हणून लाइन हळूहळू मागे सरकली, डिफेन्स आणि मिडफिल्डमध्ये फट पडली, आणि समोरच्या टीम त्या फटीत येऊन उभ्या राहायला लागल्या. एतिहादला आपला एकमेव गोल त्यानेच मारला हे कोणाला आठवत पण नाही. त्याला शिव्या घालणाऱ्यांनी हे विचारायला पाहिजे की त्याला तिथे उभं केलं कोणी आणि का.

जानेवारीच्या विंडोमध्ये, म्हणजे खेळाडू घ्यायच्या-विकायच्या मुदतीत, क्लब एका युक्रेनियन विंगरच्या मागे होता, तो चेल्सीला गेला. ब्रायटनच्या इक्वेडोरच्या मिडफिल्डरसाठी ऑफर दिल्या, त्या त्यांनी नाकारल्या. शेवटी तिघं आले: एक बेल्जियन फॉरवर्ड, एक अनुभवी इटालियन मिडफिल्डर, आणि इटलीतल्या स्पेझियामधून एक पोलिश सेंटर बॅक. त्याच महिन्यात बदली राइट बॅक असलेल्या पोर्तुगीज खेळाडूला फुलमला लोनवर सोडला. म्हणजे मार्चमध्ये दोघं पडले तेव्हा उजव्या बाजूला जेमतेम माणसं. आपला नेहमीचा राइट बॅक मुळातला सेंटर बॅक, त्याला आत घेता आला असता, पण मग राइट बॅक कोण? आणि तो पोलिश मुलगा डावखुरा, त्याला उजव्या बाजूला खेळवायचं की नाही यावर मॅनेजर सहा लीग मॅच थांबला. पॅलेस, लीड्स, लिव्हरपूल, वेस्ट हॅम, साउथॅम्प्टन, सिटी. मग 2 मे ला चेल्सीविरुद्ध त्याला उतरवला, 3-1 जिंकलो, नंतर न्यूकॅसलला त्यांच्याकडे जाऊन 2-0. आता म्हणणारे म्हणतात की बघा, हे महिनाभर आधी करायला पाहिजे होतं. दुसरी बाजू म्हणते की पुढच्याच मॅचला ब्रायटनने घरी येऊन 3-0 मारलं तेव्हाही तोच खेळत होता, मग त्याचं काय. मला दोन्ही बाजू समजतात, पण माझा कल पहिल्या बाजूकडे आहे. पॅलेस आणि लीड्स जिंकल्या म्हणून बदल नको असं वाटलं असणार, आणि जिंकताना दुरुस्ती करायची नाही ही सवय कुठल्याही मॅनेजरला महागात पडते. फ्रेंच सेंटर बॅक परत येईल या आशेवर पण आठवडे गेले.

ब्रायटनची ती मॅच म्हणजे ढेपाळणं. सेकंड हाफमध्ये पायच उचलत नव्हते. मग 20 मे ला फॉरेस्टकडे 1-0 हरलो आणि संपलं. शेवटी सिटी 89, आपण 84.

आणि पाच पॉइंटचा हिशोब करताना फेब्रुवारी पण विसरू नका. 11 फेब्रुवारीला ब्रेंटफर्डविरुद्ध 1-1 झालं त्यात त्यांच्या गोलच्या वेळी व्हिडिओ रेफरीने ऑफसाइडच नीट तपासला नव्हता, नंतर रेफरींच्या संस्थेने चूक मान्य केली. दोन पॉइंट गेले ते गेलेच. चार दिवसांनी सिटी आपल्याकडे येऊन 3-1 जिंकली, म्हणजे दोन्ही मॅच धरून सहाच्या सहा पॉइंट त्यांना. लीग तिथे गेली, एप्रिलमध्ये फक्त दिसलं.

त्याआधीच्या वर्षी, 2021-22 मध्ये, चौथ्या नंबरच्या शर्यतीत हेच लहान आकारात झालं होतं. जानेवारीच्या विंडोच्या शेवटी मेन स्ट्रायकर, जो डिसेंबरपर्यंत कॅप्टनही होता, तो गेला आणि त्याच्या जागी कोणीच आणला नाही. एप्रिलमध्ये पॅलेस, ब्रायटन, साउथॅम्प्टन ओळीने तीन हार, मग चार विजय, आणि तीन मॅच बाकी असताना टॉटनहॅमच्या चार पॉइंट पुढे. त्यांच्याकडे 3-0 हरलो, न्यूकॅसलला 2-0 हरलो, आणि शेवटी टॉटनहॅम 71, आपण 69. जानेवारीत माणूस कमी ठेवला की बिल एप्रिल-मे मध्ये येतं, दोन वर्षं लागोपाठ आलं.

जुनं थोडक्यात सांगतो. 2008 ला 23 फेब्रुवारीला बर्मिंगहॅमकडे गेलो तेव्हा पाच पॉइंट पुढे होतो, तिसऱ्या मिनिटाला आपल्या स्ट्रायकरचा पाय मोडला, शेवटच्या क्षणी पेनल्टीवर 2-2 झालं आणि कॅप्टन मॅच संपल्यावर मैदानातच बसून राहिला. तो फोटो आजही बॉटलचा पुरावा म्हणून दाखवतात, एका मित्राचा पाय डोळ्यांसमोर मोडलेला बघितल्यावर माणसं कशी वागतील याचा विचार कोणी करत नाही. त्यानंतरच्या चार लीग मॅचमध्ये एकही विजय नाही, 83 पॉइंट, तिसरा नंबर. 2003 ला मार्चमध्ये आठ पॉइंट पुढे होतो, बोल्टनला 2-0 वरून 2-2, मग लीड्स आपल्या जुन्या ग्राउंडवर, हायबरीला, येऊन 3-2 जिंकले, मँचेस्टर युनायटेड 83 आपण 78. 1999 ला तर एका पॉइंटने लीग गेली. आणि 1989 ला पण मे महिन्यात घरी डर्बीशी हरलो, विम्बल्डनशी ड्रॉ केला, सगळ्यांनी संपलं म्हणून सांगितलं, आणि मग अ‍ॅनफिल्डला 2-0 जिंकून जास्त गोलांवर लीग आणली. ती शेवटची मॅच जिंकली म्हणून त्या मे महिन्याला कोणी नाव ठेवत नाही.

खरा अन्याय 2024 चा. तो फ्रेंच सेंटर बॅक त्या सीझनला लीगच्या 38 मॅचमधलं एकेक मिनिट खेळला. टीमने 29 गोल खाल्ले, आदल्या वर्षी 43 होते. जानेवारीपासून मे पर्यंत 18 मॅच, 16 विजय, एक ड्रॉ, एक हार. ती एक हार म्हणजे 14 एप्रिल, घरी अ‍ॅस्टन व्हिला, 84 आणि 87 व्या मिनिटाला गोल, युरोपातल्या स्पर्धेत बायर्न म्युनिकविरुद्धच्या दोन मॅचच्या मधोमध. तेवढ्या चार मिनिटांवरून परत बॉटल, बॉटल सुरू झालं. त्यानंतरच्या सहाही मॅच जिंकल्या. टॉटनहॅमकडे जाऊन जिंकलो, मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डला जाऊन जिंकलो, शेवटच्या दिवशी एव्हर्टनला हरवून 89 पॉइंट केले, म्हणजे जेवढ्या पॉइंटवर आदल्या वर्षी सिटी चॅम्पियन झाली होती बरोबर तेवढेच. त्या वर्षी सिटीने 91 केले.