शाळा व्यवस्थापन समिती की पालक-शिक्षक संघ? मुख्याध्यापकांची खुर्ची कुठे बदलते

दोन्हींत पालक असतात, दोन्हींच्या इतिवृत्ताच्या वह्या मुख्याध्यापकांच्या कपाटात एकावर एक ठेवलेल्या असतात. त्यामुळे बोलताना 'समिती' आणि 'संघ' यांची सर्रास अदलाबदल होते. महाराष्ट्रात मात्र दोन्हींचे कायदे वेगळे आहेत. शिवाय समितीत मुख्याध्यापक सचिव असतात, तर संघाच्या कार्यकारी समितीत अध्यक्ष.

शाळा व्यवस्थापन समिती शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ मधून आली. खाजगी विनाअनुदानित शाळा वगळता ती सगळीकडे हवी. किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांतूनच निवडायचा. कारभारावर देखरेख, अनुदानाच्या खर्चावर लक्ष आणि शाळा विकास आराखडा ही तिची कामे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित व अल्पसंख्याक शाळांत ती फक्त सल्लागार उरली, त्यामुळे तिचे खरे वजन दिसते ते जिल्हा परिषद आणि पालिकेच्या शाळांत.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे सचिवाने अध्यक्षासारखे वागणे. निर्णय आधी होतो, मग शिपाई वही घेऊन घरोघर सह्या गोळा करतो. सभा सकाळी अकराला ठेवली, तर रोजंदारीवर जाणारी आई एक दिवसाची मजुरी बुडवून कशाला येईल? सभा संध्याकाळी घ्यावी, विषयपत्रिका चार दिवस आधी पोचवावी, हिशेबाचा विषय पहिला आणि सत्कार शेवटी ठेवावा. 'पाण्याच्या टाकीबाबत चर्चा झाली' ही नोंद निरुपयोगी आहे. किती रुपये, कोणत्या अनुदानातून, काम कोण पाहणार, कोणत्या तारखेपर्यंत, सूचक कोण, अनुमोदक कोण, एवढे लिहिले तरच पुढच्या सभेत कुणाला जाब विचारता येतो.

पालक-शिक्षक संघ इतर शाळांतही असतो, पण खाजगी विनाअनुदानित शाळेत त्याला धार येते ती शुल्कामुळे. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार प्रत्येक पालक संघाचा सभासद असतो. कार्यकारी समितीवरचे पालक मात्र इच्छुकांतून सोडत काढून ठरतात, आणि व्यवस्थापनाचा शुल्कप्रस्ताव याच समितीपुढे येतो. म्हणून सोडत सर्वांसमक्ष हवी. इयत्तावार वेगळे डबे ठेवावेत, चिठ्ठ्या एकाच मापाच्या असाव्यात आणि डब्यात टाकण्यापूर्वी मोजून आकडा फळ्यावर लिहावा. दोन मुले दोन इयत्तांत असलेल्या पालकाचे नाव दोनदा निघाले तर काय करायचे, हेही आधीच जाहीर करावे. 'सहकार्य करणारे' पालक हेरून नेमले, तर शुल्कवाढ कागदावर मंजूर होते आणि पुढचे वर्षभर तक्रारींना उत्तरे देण्यात जाते. वर्षभर संघाला फक्त स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या मांडायला बोलावायचे आणि शुल्काच्या वेळी एकदम ताळेबंद पुढे सरकवायचा, हेही तितकेच अंगाशी येते.

आपल्या मुलाचे गुण किंवा वर्गातल्या बाकाची जागा हा विषय मात्र दोन्हीकडचा नाही. तो आधी वर्गशिक्षकांकडे आणि मग मुख्याध्यापकांकडे न्यायचा. सभेत अशा एका तक्रारीला पाच मिनिटे दिली, की पुढच्या सभेला पंधरा पालक आपापली तक्रार घेऊन येतात आणि आराखड्याचे पान उघडतच नाही.