मानवी हक्क चित्रपट महोत्सव

मानवी हक्कांची पायमल्ली आणि तिच्याविरुद्धचे लढे यांवरचे माहितीपट व कथापट निवडून दाखवणारा, खेळानंतरच्या चर्चेला चित्रपटाइतकेच महत्त्व देणारा महोत्सव. त्याचा वैचारिक आधार म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारलेला मानवी हक्कांचा जाहीरनामा.

ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने न्यूयॉर्कमध्ये १९८८ साली असा महोत्सव सुरू केला. प्रागचा ‘वन वर्ल्ड’ १९९९ पासून भरतो. राजधानीत न थांबता तो देशभरच्या लहान शहरांत जातो. जिनिव्हाचा महोत्सव (२००३ पासून) संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेच्या अधिवेशनकाळात भरवला जातो, म्हणजे निर्णय घेणारे हाकेच्या अंतरावर असतात. भारतात मुंबईच्या सरकारी माहितीपट महोत्सवाने २००४ च्या खेपेसाठी भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली. विरोधानंतर ती मागे घेतली गेली, पण अनेक माहितीपट निवडीत वगळले गेले, तेव्हा माहितीपटकारांनी २००४ साली ‘विकल्प’ हा स्वतंत्र महोत्सव उभा केला.

ग्रामीण विदर्भ या पडद्यावर आला तो मुख्यतः शेतकरी आत्महत्यांमुळे. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये (२००९) शेजाऱ्याच्या आत्महत्येने धास्तावलेली बायको नवऱ्यावर नजर ठेवायला लहानग्या मुलाला त्याच्यामागे लावते. दीपा भाटिया यांचा माहितीपट ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) पत्रकार पी. साईनाथ यांच्यासोबत अशा घरांत जातो. हे चित्रपट जगभर पाहिले गेले, ही मोठीच गोष्ट. पण ज्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ते घडतात त्यांनी ते पाहणे अधिक गरजेचे आहे.

गंभीर चित्रपट गावात चालत नाहीत, हा समज खोटा आहे. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर तिकीट काढून रात्रभर नाटक पाहणारा प्रेक्षक आहे. अडचणी वेगळ्याच असतात. पडद्याखालच्या इंग्रजी ओळी कुचकामी ठरतात. गोंडी, कोरकू किंवा वऱ्हाडीत सांगणारा माणूस माइकवर लागतो. ऐन कापूस वेचणीत खेळ लावला तर दिवसभर पऱ्हाटीत (कपाशीच्या शेतात) राबलेल्या बाया येत नाहीत. आल्या तरी सावकार पुढच्या रांगेत बसलेला असताना कर्जावर बोलणार कोण? म्हणून बायांची बैठक वेगळी घ्यावी.

चर्चा इथे लवकरच कागदावर येते. आत्महत्या मदतीसाठी ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे सरकारी समिती ठरवते; सातबारा नवऱ्याच्या नावे असतो आणि त्यावर आपले नाव चढवण्यासाठी विधवेला तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मेंढा (लेखा) गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाले, हे गडचिरोलीत सारे जाणतात. तिथला पुढचा प्रश्न असतो, आमचा दावा कसा भरायचा? त्यामुळे खेळाला दिग्दर्शक आला नाही तरी चालेल, अर्ज भरून देणारा जाणकार हवाच. आणि ज्या घराची कहाणी दाखवायची, त्या घराला चित्रपट आधी दाखवून संमती घ्यावी. नको म्हटले तर त्या गावात तो लावू नये.