फिक्स्ड फॉर्ममध्ये मोकळी असते ती स्पेस

फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेतला जुना कोड हातात आला की पहिला घोळ फाइलच्या नावावरून होतो. शेवटी ‘डॉट एफ’ असेल तर हा फोरट्रान ७७, ‘डॉट एफ ९०’ असेल तर नवा, असं अनेकजण धरून चालतात. जीफोरट्रान या कंपायलरला (कोड संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलणाऱ्या प्रोग्रामला) त्यावरून एवढंच कळतं की ओळ कशी वाचायची: फिक्स्ड फॉर्ममध्ये की फ्री फॉर्ममध्ये. भाषा तीच. मॉड्यूलसारखी नवी सोयही ‘डॉट एफ’मध्ये लिहिता येते.

फिक्स्ड फॉर्म पंचकार्डांच्या काळातला. पहिल्या पाच कॉलमांत लेबल (विधानाचा ओळखक्रमांक), विधान ७ ते ७२ मध्ये. सहाव्यात शून्य सोडून कुठलंही चिन्ह दिसलं की ती ओळ मागच्या ओळीला जोडायची. ७३ पासून पुढे कंपायलर बघतच नाही. ओळीच्या शेवटी १२५ लिहिलं आणि त्यातला ५ त्रेहत्तराव्या कॉलममध्ये गेला, तर हिशोब १२ धरून होतो आणि एररही येत नाही. म्हणून जुना कोड कंपाइल करताना ‘डब्ल्यू-ऑल’ पर्याय द्याच. ओळ कापली गेल्याची वॉर्निंग तरी मिळते.

फ्री फॉर्म फोरट्रान ९० ने आणला. कॉलम सुटले, पुढच्या ओळीवर जायला शेवटी अँपरसँड आला.

पण लेक्सर (कोडमधले शब्द सुटे करणारा कंपायलरचा भाग) लिहिणाऱ्याला खरा फरक जाणवतो तो स्पेसमध्ये. फिक्स्ड फॉर्ममध्ये अवतरणातला मजकूर सोडला तर विधानातल्या स्पेसला अर्थच नसतो. ‘डू १० आय = १,१०’ हे लूप: आय १ पासून १० पर्यंत नेत लेबल १० पर्यंतच्या ओळी पुन्हा पुन्हा चालवायच्या. स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडलं आणि वर ‘इम्प्लिसिट नन’ (प्रत्येक व्हेरिएबल आधी जाहीर करायला लावणारी ओळ) नसलं, की तीच ओळ ‘डू१०आय’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये १.१० भरते. म्हणजे ‘डू’ वाचून काहीच ठरवता येत नाही. आधी जोड-ओळी एकत्र करायच्या, मग अख्खं विधान चाळायचं: कंसाबाहेर बरोबरचं चिन्ह आहे का, त्याच्यापुढे कंसाबाहेर स्वल्पविराम आहे का? असेल तर लूप, नसेल तर असाइनमेंट.

फ्री फॉर्ममध्ये स्पेस शब्द तोडते, त्यामुळे टिंबाची ती चूक कंपायलर जागच्या जागी पकडतो. कॉलम सुटले त्यापेक्षा मला हा फायदा कितीतरी मोठा वाटतो. जुना कोड फ्री फॉर्ममध्ये नेताना मात्र आकडेही तपासा. ‘१ ००० ०००’ असे सुटे लिहिलेले दहा लाख फिक्स्ड फॉर्मला चालतात, फ्री फॉर्मला नाही.