शिल्पकलेला प्रवेश: हात तयार आहे, दाखले कुठं आहेत?

गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तीच्या कारखान्यात वाढलेलं पोर दहाव्या वर्षी शाडू मळतं, पंधराव्या वर्षी सोंड बसवतं आणि बारावीला आलं की म्हणतं, मला शिल्पकला शिकायचीय. सासवण्याचे शिल्पकार विनायक करमरकर मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकायला गेले त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली, तेव्हा कोकणातली ही वाट काही नवी नाही. तरी दरवर्षी चांगल्या हाताची चार-दोन पोरं बाहेर राहताना मी बघतो. कारण बहुतेक वेळा कागद असतो, कधी तारीख.

पदवीचा म्हणजे बीएफएचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. कोणत्याही शाखेतून बारावी, किमान टक्केवारीची अट (राखीव गटाला थोडी सवलत) आणि राज्याची कला सीईटी, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा. पदविकेचा रस्ता कला संचालनालयाकडून जातो, तिथे आधी फाउंडेशनचं वर्ष असतं. चिपळूणजवळ सावर्ड्याला सह्याद्रीचं कला महाविद्यालय आहे. मुंबईची खोली परवडणार नसेल तर आधी तिथे जाऊन चौकशी करा. जे. जे. २०२३ पासून अभिमत विद्यापीठ झालंय. त्यामुळे ‘दादाने असा फॉर्म भरला होता’ हे तिथे चालत नाही, त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा.

पहिली ठेच तारखेची. ‘निकाल लागला की फॉर्म भरू’ असं घरोघरी ऐकू येतं. निकाल लागेपर्यंत सीईटीची नोंदणी संपलेली असते. बारावीच्या जानेवारीपासूनच सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर नजर ठेवा. आणि सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असंही नाही. प्रवेशफेरीची नोंदणी वेगळी, तिचं शुल्क वेगळं. शिवाय या फेऱ्या येतात पावसाळ्यात, ऐन सिझनला. हात कोपरापर्यंत मातीत, मोबाइल फळीवर ठेवलेला, आणि जागा स्वीकारायची मुदत दोन-तीन दिवसांची. त्या दिवसांत फोन बघायचं काम मातीत हात नसलेल्या माणसाकडे द्या.

परीक्षेत माती नसते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान, सगळं कागदावर. मूर्ती चारी बाजूंनी फिरवून बघायची सवय असलेल्या मुलाला एका जागी बसून बादली-कांद्याची छाया काढायचा कंटाळा येतो. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेली मुलं इथे पुढे जातात, कारण हेच प्रकार त्यांनी केलेले असतात. ब्लेंडर, झीब्रशसारखी संगणकावर मूर्ती घडवायची सॉफ्टवेअर येतात म्हणूनही इथे गुण मिळत नाहीत. थ्रीडी स्कॅन, प्रिंट, सीएनसी (संगणकावर चालणारं कोरीवयंत्र) हे पुढे कामाला येतं. कॉलेजात मात्र आधी आर्मेचर म्हणजे आतला सांगाडा बांधायचा, हेड स्टडी म्हणजे माणसाचं डोकं मातीत घडवायचं, प्लास्टरचा साचा काढायचा. साच्याला तुम्ही बिचकणार नाही, पेन्सिलीची तयारी करा.

आता खरा चिखल: राखीव जागेसाठीचं जात वैधता प्रमाणपत्र. जातीचा दाखला वेगळा, तो पडताळून खरा ठरवल्याची वैधता वेगळी. हे दोन्ही एकच समजून आलेले पालक मला दरवर्षी भेटतात. विज्ञानाच्या मुलांच्या मागे कॉलेज लागतं, अकरावीतच फाइल जाते. कला शाखेच्या मुलाला कोणी सांगतच नाही. प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं पत्र लागतं, म्हणून बारावीची परीक्षा तोंडावर यायच्या आधीच अर्ज करा. पुरावा जुना हवा: ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा किंवा तहसीलमधलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. नोंद मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या.

आमच्याकडची खास गुंतागुंत आडनावाची. आजोबांच्या नोंदीत ‘सुतार’, वडिलांच्या दाखल्यावर ‘मेस्त्री’, मुलाच्या आधारवर आणखी तिसरंच. एका कार्यालयात एका पालकाला तीन खेपा घालायला लावल्या आणि चौथ्या खेपेला सांगितलं, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडा. पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. ते प्रतिज्ञापत्र तुम्ही आधीच करून न्या.

नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला, आजच्या तारखेला चालू असून भागत नाही. ते प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत चालणारं हवं. म्हणजे जून २०२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२७. तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद दिले तर दाखला तीन वर्षांचा मिळतो, एकदाच काय तो त्रास. आठ लाखांची मर्यादा ऐकून काहीजण अर्जच करत नाहीत. त्या हिशोबात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, हे लक्षात ठेवा.

चाकरमान्यांच्या मुलांचं अधिवास प्रमाणपत्र अडतं. जन्म मुंबईचा, रेशनकार्ड मुंबईचं, शाळा गावची. सगळे शाळा सोडल्याचे दाखले ओळीने लावले की प्रकरण पुढे सरकतं. गोव्याच्या सीमेवरच्या बांदा-दोडामार्गाकडची जी मुलं गोव्यात शिकली, त्यांनी हे प्रमाणपत्र सगळ्यात आधी काढावं.

बारावीनंतर वर्षभर कारखान्यात बसला असाल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. त्यात ‘घरी होतो’ लिहू नका, ‘वडिलांच्या गणेशमूर्ती कारखान्यात काम केलं’ असं सरळ लिहा. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी हे राज्याचं पोर्टल, बँक खातं आधारला जोडलेलं असू द्या. आणि सगळ्या अर्जांवर एकच मोबाइल नंबर द्या, तोही घरातलाच. ई-सेवा केंद्रातल्या मुलाचा नंबर दिलात तर ओटीपी त्याला जातो, आणि चतुर्थीला तो दुकान बंद करून गावाला गेलेला असतो.